मालमोटारींच्या कमानपाट्यांना मिठाचा गंज : कारणे, धोके आणि बचाव

सेक्टर २, भिलाई (छत्तीसगड) : भिलाई पोलाद कारखान्याच्या वसाहतीतील सेक्टर २ मध्ये हिवाळ्याच्या पहाटे धुके पडते, पण रस्त्यावर बर्फ कधीच साचत नाही. त्यामुळे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकण्याची येथे गरज नाही, आणि तशी प्रथाही नाही. तरीही या पोलादनगरीतून माल घेऊन निघणाऱ्या मालमोटारींच्या कमानपाट्यांवर मिठाने चढलेला गंज आढळतो. हे मीठ रस्त्यावर टाकलेले नसते. गाडी ते दुरून घेऊन आलेली असते.

भिलाईचा माल पूर्वेला विशाखापट्टणम बंदराकडे जातो, तर पश्चिमेला नागपूरमार्गे मुंबई आणि न्हावा शेवाच्या दिशेने. परतीच्या फेरीत रिकामी गाडी आणणे वाहतूकदाराला परवडत नाही, म्हणून मिळेल तो माल भरला जातो. तो कधी पोत्यांतील मीठ असतो, कधी आयात खत. शेतकऱ्यांमध्ये ‘पोटॅश’ या नावाने ओळखले जाणारे म्युरिएट ऑफ पोटॅश हे रासायनिकदृष्ट्या पोटॅशियम क्लोराइड असते. म्हणजे लोखंडाच्या दृष्टीने तेही मिठाचेच भावंड. फाटक्या पोत्यातून सांडलेले कण हौद्याच्या फळ्यांमधील फटींतून खाली झिरपतात आणि नेमके चासी, धुरा व पाट्यांवर जाऊन बसतात. किनाऱ्यावर दोन रात्री उभ्या राहिलेल्या गाडीवर खारे वारे जो थर चढवतात, तो वेगळाच.

कमानपाटा म्हणजे कमानीसारख्या वाकवलेल्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचा गठ्ठा. सर्वांत वरचा आणि लांब तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना वळवून केलेल्या डोळ्यांत बुश व पिन बसतात. एक टोक चासीच्या हँगरला घट्ट असते, तर दुसरे शॅकलच्या कडीवर झुलते, कारण पाटा दबला की त्याची लांबी वाढते. मधोमध सेंटर बोल्ट सर्व पट्ट्या एकत्र धरतो आणि यू-बोल्ट हा गठ्ठा धुऱ्याला आवळून ठेवतात. बहुतेक भारतीय मालमोटारींत पाट्याचे काम केवळ धक्के शोषण्यापुरते नसते. धुरा गाडीच्या काटकोनात राहावा, ब्रेक लागल्यावर तो मागेपुढे सरकू नये, हेही पाटेच सांभाळतात. म्हणूनच टोकाची एखादी आखूड पट्टी तुटली तर गाडी एका बाजूला कलते, पण मुख्य पाटा डोळ्यापाशी तुटला तर धुरा तिरका होतो आणि भरधाव गाडी चालकाच्या हातून सुटते.

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू लागतो, हे शाळेत शिकवले जाते. मीठ या प्रक्रियेत थेट खर्ची पडत नाही, पण ती अनेक बाजूंनी सोपी करते. एक तर मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते. गंजणे ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया असल्याने तिचा वेग वाढतो. दुसरे म्हणजे क्लोराइडचे आयन पोलादावर आपोआप तयार होणारा पातळ संरक्षक थर ठिकठिकाणी भेदतात, त्यामुळे गंज सर्वत्र सारखा न पसरता खोल खड्डे पाडत आत शिरतो. तिसरी बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते. साधे मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की स्वतःच विरघळू लागते. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड तर सुमारे एक-तृतीयांश आर्द्रतेतही ओलसर होतात. समुद्री मिठात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असतातच. त्यामुळे पाऊस पडून गेला, रस्ता वाळला, चालकाला गाडी कोरडी वाटली, तरी पाट्यांच्या मधल्या फटी ओल्याच राहतात.

भिलाईच्या संदर्भात याचा अर्थ असा की, डिसेंबरमध्ये किनाऱ्यावरून आलेले मीठ कोरड्या हवेत बरेचसे निपचित पडून राहते. त्याचे खरे काम सुरू होते ते जूनअखेर, पावसाळी हवा आल्यावर. छत्तीसगडच्या मैदानात वर्षाला सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या काळात येतो. पाट्याला गंज पावसाने चढला असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात त्याची बी हिवाळ्यातच पेरली गेलेली असते.

येथे पाण्याचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घ्यायला हवे. मिठाचे पाणी जितके तीव्र तितका गंज जास्त, असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. मिठाचे प्रमाण वाढत जाते तसा पाण्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. साध्या पोलादाच्या गंजण्याचा वेग सुमारे तीन ते साडेतीन टक्के मीठ असलेल्या पाण्यात सर्वाधिक असतो, आणि समुद्राच्या पाण्याची खारटता साधारण तेवढीच असते. म्हणून वाळलेल्या मिठाच्या थरावर चार बादल्या पाणी ओतून गाडी ‘धुतली’ म्हणणे हे न धुण्यापेक्षाही वाईट ठरू शकते. थर पातळ होऊन फटीत शिरतो, बाहेर पडत नाही.

पाट्यांची रचनाही गंजाला सोयीची आहे. दोन पट्ट्यांमधील फटीत पाणी शिरते, पण हवा खेळत नाही. आतला प्राणवायू लवकर संपतो, बाहेरच्या भागाला तो मिळत राहतो, आणि या तफावतीमुळे आतला भाग झिजू लागतो. क्लोराइड आयन आत ओढले जातात, तेथील पाणी आम्लधर्मी होते आणि झीज आणखी वाढते. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. तो पट्ट्यांना एकमेकींपासून रेटतो, यू-बोल्टवर ताण आणतो, पट्ट्या एकमेकींवर घसरण्याऐवजी अडकून बसतात. अशी गाडी खड्ड्यात दणके देते, आणि मिस्त्री ‘पाटे जाम झालेत’ म्हणतो. अर्थात जाम झालेले पाटे ही तुलनेने किरकोळ तक्रार आहे. कारण त्याचा आवाज येतो.

खड्ड्यांचा आवाज येत नाही. स्प्रिंगचे पोलाद अतिशय कठीण केलेले असते आणि धावताना ते लाखो वेळा वाकून सरळ होते. अशा धातूत गंजाचा लहानसा खड्डादेखील ताण एकवटण्याचे ठिकाण होतो. तेथून केसाएवढी भेग सुरू होते, प्रत्येक धक्क्याबरोबर थोडी थोडी पुढे सरकते आणि एके दिवशी उरलेला धातू एकदम तुटतो. तुटलेल्या पाट्याचा काप पाहिल्यास ही कहाणी वाचता येते : काठाजवळचा काळपट, जुना, गुळगुळीत भाग ही भेग, आणि चकाकता, खडबडीत भाग म्हणजे शेवटच्या क्षणाचे तुटणे. काळपट भाग मोठा असेल तर पाटा अचानक तुटला असे म्हणता येत नाही, तो कित्येक महिने तुटतच होता. कारखान्यात पाट्यांच्या ताण पडणाऱ्या पृष्ठावर पोलादी छर्ऱ्यांचा मारा करून जो दाबाचा थर तयार केला जातो, तो अशा भेगांना रोखण्यासाठीच असतो. पण तो थर फार पातळ असतो आणि गंजाचा खड्डा तो सहज ओलांडतो.

भारात झालेली वाढही विचारात घ्यावी लागेल. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये मालवाहनांच्या धुऱ्यावरील भाराची मर्यादा वाढवली. चार टायर असलेल्या एका धुऱ्यासाठी ती १०.२ टनांवरून ११.५ टन झाली आणि तीन धुऱ्यांच्या मालमोटारीचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. नव्या गाड्या त्यानुसार बांधल्या जातात. पण जुन्या गाडीचे गंजलेले पाटे कागदावरील मर्यादेबरोबर मजबूत होत नाहीत.

बर्फाळ रस्त्यांवरील मिठाची देशातील सर्वांत जवळची प्रतिकृती शोधायची तर ती हिमालयापेक्षा कोकणात सापडते. रत्नागिरीचा मिरकरवाडा, दापोलीजवळचे हर्णे किंवा मुंबईचा ससून डॉक येथून निघणाऱ्या मासळीच्या गाड्यांत बर्फ आणि मासळी थरांनी भरलेली असते. बर्फ वितळतो, मासळीला लागलेले समुद्राचे पाणी त्यात मिसळते आणि हे खारट, थंड पाणी वाटभर ठिबकत राहते. ते आधी गाडीच्या स्वतःच्या मागील पाट्यांवर पडते, मग रस्त्यावर, आणि रस्त्यावरून मागून येणाऱ्या गाडीच्या खाली उडते. आंबा घाटातून कोल्हापूरकडे किंवा कुंभार्ली घाटातून कऱ्हाडकडे जाताना मासळीच्या गाडीमागे अडकलेल्या प्रत्येकाला हे पाणी वासावरून ओळखता येते. उतारावर ब्रेक लागताना पाट्यांवर भार सर्वाधिक असतो, आणि याच गाड्यांचे पाटे सर्वाधिक खारवलेले असतात. पाणी साठवणारी टाकी आणि तिची नळी हौद्याला जोडणे हा यावरचा साधा उपाय आहे. तो सर्वत्र सक्तीने अमलात आला, तर रस्त्यावरील घसरडेपणा आणि दुर्गंधी या दोन्ही तक्रारीही कमी होतील.

रायगड, ठाणे, पालघरच्या मिठागरांतून मीठ वाहणाऱ्या गाड्यांची अवस्था याहून वेगळी नाही. आणि ज्याला वाहतुकीशी काही देणेघेणे नाही, असा पर्यटकही आता या यादीत आला आहे. दिवेआगर वा हर्णेच्या पुळणीवर भरतीच्या रेषेत मोटार पळवून चित्रफीत काढणाऱ्यांपैकी फार थोडे जण त्याच संध्याकाळी गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुऊन घेत असतील.

रस्त्यावर जाणीवपूर्वक मीठ टाकण्याची पद्धत मूळची उत्तर अमेरिका आणि युरोपातली. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ च्या सुमारास त्याचे प्रयोग केले आणि १९४० च्या दशकाच्या प्रारंभी ते धोरण म्हणून स्वीकारले. आज त्या देशात दरवर्षी रस्त्यांवर दोन कोटी टनांच्या आसपास मीठ पसरले जाते. मिठाचे पाणी उणे २१ अंश सेल्सियसपर्यंत द्रवरूप राहू शकते, मात्र व्यवहारात उणे नऊ-दहा अंशांखाली साधे मीठ फार मंद काम करते. त्यामुळे अधिक थंडीत मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण फवारले जाते. ते रस्त्याला अधिक चिकटते, आणि गाडीलाही. या द्रावणांचा वापर वाढल्यानंतर तेथील मालमोटारींत ब्रेकच्या लायनिंगखाली गंज फुगून लायनिंग तडकण्याच्या तक्रारी वाढल्या. कॅनडा सरकारच्या मूल्यमापनात २००१ मध्ये रस्त्यावरील मीठ पर्यावरणाला घातक ठरवण्यात आले, तरी त्याचा वापर थांबलेला नाही. माणसांचे जीव वाचवणारा इतका स्वस्त पर्याय अद्याप सापडलेला नाही.

पाट्यांच्या बाबतीत या मिठाची किंमत २०१४ मध्ये ठळकपणे समोर आली. टोयोटा कंपनीने अमेरिकेत २००५ ते २०११ या काळातील टॅकोमा या पिकअप वाहनांपैकी सुमारे ६ लाख ९० हजार गाड्या परत बोलावल्या. मागील कमानपाट्यांतील पट्टी ताण व गंज यांमुळे तुटू शकते आणि तुटलेले टोक इंधनाच्या टाकीसह आसपासच्या भागांना लागू शकते, असे त्यामागील कारण होते. न्यू जर्सी, शिकागो किंवा टोरोंटो परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हिवाळ्यात गाडी खालून धुण्याचा सल्ला पहिल्याच वर्षी मिळतो, तो यामुळेच. त्या सल्ल्याला एक पुस्ती जोडायला हवी. मिठाने माखलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवली तर गंजण्याचा वेग वाढतो. बाहेर गोठलेले मीठ आत वितळून कामाला लागते. धुतल्याशिवाय आत घेण्यापेक्षा ती बाहेर थंडीत राहिलेली बरी.

हिमालयात बर्फ हटवण्याचा मुख्य भार सीमा रस्ते संघटनेच्या यंत्रांवर असतो. शिमल्यासारख्या शहरांत घसरडेपणा कमी करण्यासाठी रस्त्यावर वाळू व माती पसरली जाते, काही ठिकाणी मीठही वापरले जाते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यामुळे मनालीहून लाहौलकडे हिवाळ्यातही वाहने जाऊ लागली. या बोगद्यासाठी भारतीय पोलाद प्राधिकरणाने, म्हणजे भिलाई कारखान्याच्या पालक कंपनीने, ९,००० टनांहून अधिक पोलाद पुरवले होते. हिवाळी वाहतूक वाढेल तसा मिठाचा प्रश्न तेथेही वाढणार, हे उघड आहे.

बचावाचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय धुणे हाच आहे, पण तो योग्य रीतीने व्हावा लागतो. किनाऱ्याहून, मिठाची वा खताची फेरी करून आलेली गाडी शक्यतो एक-दोन दिवसांत भरपूर गोड्या पाण्याने खालून धुवावी. विहिरीचे मचूळ पाणी उपयोगाचे नाही. दाब मध्यम आणि पाणी मुबलक असावे. तीव्र दाबाचा फवारा जवळून मारल्यास खारे पाणी बुश व पिनच्या आत ढकलले जाते आणि ग्रीस निघून जाते. पाट्यांच्या टोकांपासून मध्याकडे, दोन्ही बाजूंनी, खाली पडणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवावे. गाडी रिकामी असताना पट्ट्यांच्या टोकांशी फटी अधिक उघड्या असतात, म्हणून माल उतरवल्यावर लगेच धुणे चांगले. त्यानंतर गाडी थोडी चालवून आणावी, म्हणजे पट्ट्या हलून आतले पाणी निघते. ग्रीस निपलमध्ये नवे ग्रीस भरताना जुने, मळके ग्रीस बाहेर पडेपर्यंत भरावे. सर्वत्र धुलाई होते पण ही शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि बुश लवकर जाण्याचे ते एक मोठे कारण आहे.

पाट्यांवर डिझेल किंवा इंजिनातून काढलेले जळके तेल फवारण्याची प्रथा देशभर आहे. त्याने पाणी काही काळ दूर राहते, हे खरे. पण खनिज तेलाने रबरी बुश फुगतात व मऊ पडतात, तेलाला धूळ चिकटून तिचा ओलसर लगदा होतो, आणि पहिल्या जोरदार पावसात ते तेल नाल्यात जाते. जळक्या तेलात स्वतःची आम्लेही असतात. त्याऐवजी चासीसाठी मिळणारे मेणयुक्त गंजरोधक फवारे फटींत शिरतात आणि पातळ थर धरून राहतात. हिवाळा किंवा पावसाळा सुरू होण्यापूर्वी ते मारणे पुरेसे असते. डांबरासारखे जाड लेप मात्र जपून वापरावेत. गंजावरच लेप चढवला तर मीठ आणि ओल आत कोंडली जाते, वरून काळेकुळीत दिसणारा पाटा आतून पोखरला जातो आणि तपासणाऱ्यालाही काही दिसत नाही.

पाटे उतरवून बांधायचे असतील तर ती खरी संधी समजावी. प्रत्येक पट्टी तारेच्या ब्रशने साफ करून, पूर्ण वाळवून तिला जस्तयुक्त किंवा किमान चांगला रेड ऑक्साइड प्रायमर द्यावा, पट्ट्यांच्या मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावावे. खोल खड्डे पडलेली पट्टी ठोकून, पुन्हा कमान देऊन बसवू नये, ती बदलावी. पाट्यावर वेल्डिंग तर कधीच करू नये, जवळपास वेल्डिंग करताना ठिणगीही पडू देऊ नये, कारण त्या जागेचा ताव उतरून पोलाद ठिसूळ होते. गंज काढण्यासाठी पाटे आम्लात बुडवणे किंवा त्यांवर विजेच्या साहाय्याने जस्ताचा मुलामा देणे हे वरवर आकर्षक उपाय स्प्रिंगच्या पोलादाला घातक ठरू शकतात : या क्रियांत हायड्रोजन धातूत शिरतो आणि तो भाराखाली अचानक तडकतो. यू-बोल्ट एकदा सोडवले की शक्यतो नवे बसवावेत आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर माल भरलेल्या गाडीवर पुन्हा आवळावेत.

नवी गाडी घेणाऱ्यापुढे पॅराबोलिक पाट्यांचा पर्याय असतो. त्यात पट्ट्या कमी असतात, त्या मध्यभागी व टोकांशीच एकमेकींना टेकतात आणि मधली जागा मोकळी राहते. पाणी साचण्याच्या फटी कमी असल्याने मिठाचा त्रास कमी होतो. मात्र पट्ट्या कमी म्हणजे एक तुटली तर आधार देणाऱ्याही कमी, हा हिशेब जास्त भार भरणाऱ्याने आधी करावा.

गंजाशी झुंज भिलाईला नवी नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झालेल्या या कारखान्याने रेल्वेला रूळ पुरवण्यात आयुष्य घालवले आहे. किनारपट्टीवरील मार्गांत रूळ लवकर गंजतात, म्हणून निकेल, क्रोमियम आणि तांबे अल्प प्रमाणात मिसळलेले गंजरोधक रूळही येथे तयार झाले. मालमोटारीच्या पाट्यांसाठी अशी महाग मिश्रधातू वापरणे बाजारात परवडणारे नाही. तेथे रंग, ग्रीस आणि पाणी यांवरच भिस्त आहे.

योग्यता प्रमाणपत्राची व्यवस्था या कामी कितपत मदत करते? केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहनाला दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी हे प्रमाणपत्र घ्यावे लागते. अमेरिकेत व्यापारी वाहनाच्या पाट्यांतील एकही पट्टी तडकलेली, तुटलेली, गहाळ किंवा जागेवरून सरकलेली नसावी, असा स्पष्ट नियम आहे आणि रस्त्याकडेला उभे करूनही त्याची तपासणी होते. दोन तपासण्यांच्या मधल्या वर्षभरात किंवा दोन वर्षांत पाट्यावर नजर ठेवणारा माणूस एकच असतो, तो म्हणजे चालक. गाडी उभी असताना दोन्ही बाजूंची उंची सारखी आहे का, पट्ट्यांच्या टोकांची रांग सरळ आहे का, यू-बोल्टच्या नटाभोवती ताजी तांबूस रेघ दिसते का, डोळ्याजवळ रंगाला आडवी चीर गेली आहे का, हे पाहायला विजेरी आणि पाच मिनिटे लागतात. नटाभोवतीची ताजी तांबूस रेघ म्हणजे बोल्ट ढिला होऊन धातू धातूवर घासत असल्याची खूण. डोळ्याजवळची आडवी चीर दिसली तर गाडी तेथेच उभी करून माल दुसऱ्या गाडीत भरावा.